कलकत्त्याचे रुपये आणि रग्बीचे पंचांग

लक्ष्मीपूजनाची अमावास्या आमच्या पंचांगात आश्विनाची असते. इंदूर-ग्वाल्हेरकडे आपल्या मराठी कुटुंबांचे शेजारी जे पंचांग पाळतात त्यात तीच अमावास्या कार्तिकाची. रात्र एक, पणत्या त्याच, महिना निराळा. बडोद्याला तर लगेच दुसऱ्या दिवशी शेजारी नव्या वर्षाचा नमस्कार करायला येतात आणि आपली मंडळी चैत्रातला पाडवा मनात ठेवून तो आनंदाने स्वीकारतात. यावरून कुणाचे भांडण होत नाही, कारण चंद्र दोघांचाही एकच आणि हिशेब फारच मागेपुढे होऊ लागला तर मधे घालायला अधिक महिना आहे. ज्या खेळाविषयी मी लिहिणार आहे त्याच्यापाशी अशी सोय नाही. तिथे वर्षाचे बावन्न आठवडे कुणाचे, यावरून शंभराहून अधिक वर्षे भांडण चालू आहे.

खेळ रग्बीचा. बेळगावच्या एका निवृत्त इतिहासशिक्षकाने रग्बीवर लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल, मलाही वाटते. एका पावसाळ्यात मुंबईच्या पुराभिलेखागारात जुने कागद चाळण्यासाठी मी आठवडाभर राहिलो होतो. संध्याकाळी काळा घोड्याकडून बोरीबंदरकडे चालत येताना बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणापाशी थबकलो. आत तीस माणसे चिखलात एकमेकांवर कोसळत होती. चेंडू लांबट, हातात घेऊन पळायचा, पण साथीदाराला द्यायचा तो मागेच. पुढे फेकला की चूक. मधेच आठ-आठ जण वाकून, खांदे भिडवून एकमेकांना रेटत. आमच्या तालमीतल्या वस्तादांनी ते पाहिले असते तर हौदात उतरायचा मोह त्यांना आवरला नसता. शेजारी छत्री धरून उभ्या असलेल्या गृहस्थांना मी विचारले, “असल्या पावसात का खेळतात हो?” ते म्हणाले, “पावसाळ्यात क्रिकेटवाल्यांना मैदान नको असतं. म्हणून यांना मिळतं.”

मैदानाचे जे, तेच काळाचे. कुणाला नको असलेला वेळ कुणाच्या तरी वाट्याला येतो. या खेळाच्या इतिहासात मी शिरलो तो त्या एका वाक्यावरून, आणि शिरताच आपल्याच देशातले रुपये हाती लागले.

१८७२ च्या नाताळात कलकत्त्यात इंग्रजांनी रग्बीचा सामना खेळला आणि पुढच्याच वर्षी तिथे एक क्लब निघाला. हवा दमट, खेळाडूंत लष्करातले लोक फार, पलटण हलली की संघ रिकामा. त्यातच क्लबाने फुकटचे मद्य बंद केले आणि सभासद पोलो-टेनिसकडे वळले. अखेर क्लब मोडायचे ठरले. शिलकीचे काय करायचे? बँकेतले चांदीचे रुपये काढून, वितळवून एक करंडक घडवला. त्याला नागांच्या तीन मुठी आणि झाकणावर हत्ती आहे. हा करंडक १८७८ साली इंग्लंडच्या रग्बी संघटनेला भेट दिला. आपल्याकडचे रुपये कशाकशात वितळले याची यादी मोठी आहे, त्यात हा एक प्रकार.

महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. कलकत्त्याच्या मंडळींची इच्छा होती की या करंडकासाठी दर वर्षी क्लबाक्लबांची स्पर्धा व्हावी. फुटबॉलमध्ये तशी स्पर्धा १८७१ पासून सुरू होती आणि लोक ती डोक्यावर घेत होते. संघटनेने नको म्हटले. क्लब चुरशीने भिडू लागले की जिंकण्याची ईर्षा येणार, तिच्यामागून पैसा येणार आणि सद्‌गृहस्थांचा हौशी खेळ बाटणार, ही भीती. म्हणून करंडक इंग्लंड आणि स्कॉटलंड या देशांच्या वार्षिक सामन्याला लावला. पहिला सामना १८७९ साली एडिंबरोत झाला आणि बरोबरीत सुटला. देश आधी, क्लब मागून, हा निर्णय कलकत्त्याच्या चांदीवर झाला असे म्हटले तर फार चूक होणार नाही. इंग्लंडमध्ये क्लबांची देशव्यापी बाद-फेरीची स्पर्धा त्यानंतर थेट १९७१-७२ च्या हंगामात आली आणि साखळी सामने १९८७ साली.

पण सद्‌गृहस्थांचा खेळ हे काही संपूर्ण सत्य नव्हते. यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या गिरण्या-खाणींतले कामगार हा खेळ जीव ओतून खेळत. शनिवारी दुपारपर्यंत गिरणी चालू. सामना दूरच्या गावी असला तर सकाळीच निघावे लागे, म्हणजे मजुरी बुडे. गिरणगावाशी संबंध आलेल्या वाचकांना ‘खाडा’ हा शब्द सांगायला नको. उत्तरेच्या क्लबांचे म्हणणे इतकेच होते की खाड्याची भरपाई देऊ द्या. नफा नको, पगार नको, बुडालेले तेवढे द्या. १८९३ साली लंडनच्या सर्वसाधारण सभेत हा ठराव आला आणि १३६ विरुद्ध २८२ मतांनी पडला. ज्यांना शनिवार रिकामा होता त्यांनी ज्यांना तो रिकामा नव्हता त्यांना तत्त्व शिकवले. मी ही आकडेवारी वर्गात फ्रेंच राज्यक्रांतीच्या जोडीला सांगत असे. अभ्यासक्रमात नव्हती, पण मुलांना कळे.

२९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. त्यांच्या खेळाला पुढे रग्बी लीग म्हणू लागले. तेरा खेळाडूंचा, निराळ्या नियमांचा. मागे राहिला तो रग्बी युनियन. मुंबईला मी पाहिला तो हाच.

फ्रान्समध्ये उलटे घडले. तिथे क्लबांची राष्ट्रीय स्पर्धा १८९२ पासूनच होती आणि दक्षिणेकडच्या गावांना देशाच्या संघापेक्षा आपला क्लब जवळचा. त्या स्पर्धेतली हाणामारी आणि खेळाडूंना गुपचूप पैसे देण्याचा संशय यांवरून १९३१ साली ब्रिटिश मंडळींनी फ्रान्सशी सामने तोडले. पाच देशांच्या स्पर्धेत फ्रान्स पुन्हा खेळला तो दुसरे महायुद्ध उरकल्यावर, १९४७ साली. क्लबाची आपुलकी हा फ्रान्सचा गुन्हा ठरला होता. आज त्याच क्लबांच्या तिजोरीकडे सगळे आशेने पाहतात.

मग १९९५ आले. दक्षिण आफ्रिकेत विश्वचषक चालू असतानाच दक्षिण गोलार्धातल्या तीन संघटनांनी एका दूरचित्रवाणी-सम्राटाशी दहा वर्षांचा, पंचावन्न कोटी डॉलरांचा करार जाहीर केला. ऑगस्टच्या अखेरीस पॅरिसच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय मंडळाने हौशीपणाचे बंधन काढून टाकले. हडर्सफील्डच्या सभेला शंभर वर्षे पुरी व्हायला दोन दिवस कमी होते. ज्या खाड्यासाठी घर फुटले, तो खाडा आता सगळ्यांनाच भरून मिळणार होता. गंमत अशी की फुटून गेलेल्या रग्बी लीगने त्याच सुमारास ब्रिटनमधला आपला हंगाम हिवाळ्यातून उचलून सरळ उन्हाळ्यात नेला आणि १९९६ पासून ती तशीच खेळते. युनियनला ते जमले नाही. पाच देशांची ती जुनी स्पर्धा, जी २००० पासून इटलीला घेऊन सहा देशांची झाली, फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि तिला हात लावायची कुणाची छाती नाही.

इथून वेळापत्रकाचे खरे भांडण सुरू होते, आणि ते समजायला एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. न्यूझीलंडमध्ये आणि आयर्लंडमध्ये मुख्य खेळाडू राष्ट्रीय संघटनेच्या पगारावर असतात. संघटना म्हणाली थांब, की खेळाडू थांबतो. इंग्लंडमध्ये संघटना १९९५ नंतर वर्षभर विचार करत बसली आणि तेवढ्यात श्रीमंत मालकांनी क्लब विकत घेऊन खेळाडूंशी करार केले. फ्रान्समध्येही पगार क्लबांचाच. म्हणजे माणूस एक आणि धनी दोन. आपल्या सीमाभागातल्या वाचकाला दोन धन्यांमधले जगणे समजावून सांगावे लागत नाही.

१९९८-९९ च्या हंगामात इंग्लिश क्लबांनी युरोपच्या क्लब स्पर्धेवर बहिष्कार टाकला. त्याआधी १९९८ च्या जूनमध्ये इंग्लंडचा राष्ट्रीय संघ दक्षिणेच्या दौऱ्यावर गेला तो बरेच मुरलेले खेळाडू मागे ठेवून. ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाने त्यांना ७६-० असे धुतले. तेव्हा एकोणीस वर्षांच्या असलेल्या जॉनी विल्किन्सनने पाच वर्षांनी सिडनीत जादा वेळेच्या शेवटी लाथ मारून ऑस्ट्रेलियाविरुद्धच विश्वचषक जिंकून दिला. मधल्या काळात इंग्लंडमध्ये देश आणि क्लब यांची कशीबशी समजूत पटली होती. समजूत म्हणजे पैसे. २०१६ च्या करारात संघटनेने क्लबांना आठ वर्षांत वीस कोटी पौंडांहून अधिक रक्कम देण्याचे मान्य केले. तरीही २०२२ साली वूस्टर आणि वॉस्प्स, २०२३ साली लंडन आयरिश हे क्लब बुडाले आणि इंग्लंडच्या अव्वल साखळीत तेराचे दहा उरले. वॉस्प्स १८६७ चा क्लब, म्हणजे कलकत्त्याच्या करंडकापेक्षा अकरा वर्षांनी मोठा.

‘जगाचा एकच हंगाम करा’ ही सूचना दर काही वर्षांनी येते. कागदावर ती सुंदर दिसते. उत्तर गोलार्धाचा हंगाम सप्टेंबरपासून जूनपर्यंत, दक्षिणेचा फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत. दोन्हीकडे हिवाळ्याचा खेळ, आणि हिवाळे एकमेकांच्या विरुद्ध. एकाने उन्हात खेळल्याशिवाय दोघे जुळत नाहीत. २०१७ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोत सगळे बसले आणि तडजोड निघाली: उत्तरेच्या संघांचे दक्षिणेतले दौरे जूनऐवजी जुलैत. उत्तरेचा क्लब हंगाम त्यामुळे न तुटता संपू शकला. महिनाभर पुढे सरकवण्याला जगभरची शिष्टमंडळे लागली! २०१९ साली सर्व देशांचे सामने एका स्पर्धेत गुंफण्याची योजना आली, पण वरच्या वर्गातून खाली ढकलले जाण्याच्या भीतीने जुन्या श्रीमंत देशांनी ती पाडली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसला ती निराळ्या रूपात मंजूर झाली: २०२६ पासून, वर्षाआड, जुलै आणि नोव्हेंबरमध्ये, बारा देश, आणि सुरुवातीची काही वर्षे वरखाली जाणे नाही. टोंगा आणि सामोआ, ज्यांची मुले अर्ध्या जगाच्या संघांतून खेळतात, ते त्या बारांत नाहीत.

या साऱ्यात सर्वांत अवघड जागी दक्षिण आफ्रिका आहे. तिचे मोठे संघ २०२१ पासून उत्तरेच्या क्लब साखळीत खेळतात आणि देशाचा संघ मात्र दक्षिणेच्या स्पर्धेत, ऑगस्टच्या सुमारास. क्लबासाठी उत्तरेचे पंचांग, देशासाठी दक्षिणेचे. दोन्ही पाळायची तर विश्रांतीचा महिना कुठल्याच पंचांगात उरत नाही.

आणि फ्रान्स? तिथे चौदा क्लबांच्या साखळीत प्रत्येकाला सव्वीस सामने, वर युरोपचे. २०२५ चा अंतिम सामना २८ जूनला झाला, जादा वेळेपर्यंत गेला. बरोबर सात दिवसांनी ड्युनेडिनला न्यूझीलंडशी फ्रान्सची कसोटी होती. फ्रान्सने आपले बरेच नामांकित खेळाडू घरी ठेवून दुसरी फळी पाठवली. न्यूझीलंडमध्ये लोक चिडले, तिकिटे पूर्ण दराची होती. त्यांचा राग मला समजतो, पण मी फ्रान्सच्या बाजूचा. जुलैत घरी बसवलेला माणूस हा त्या खेळाने माणसाला दिलेला दुर्मीळ मान आहे. क्लबवाले म्हणतात आम्ही पगार देतो, संघटनावाले म्हणतात आम्ही जर्सी देतो. दोघेही खरे बोलतात आणि दोघेही आठवडे मोजतात ते आपल्या सामन्यांचे. वेळापत्रक आखायला बसताना आधी रिकामे आठवडे आखावेत, लागोपाठचे, आणि सामने उरलेल्यांत बसवावेत असे मला वाटते. उत्पन्न कमी होईल. होऊ द्यावे. १८९३ साली त्या कामगारांनीही सामन्यांची संख्या मागितली नव्हती. गेलेल्या वेळाचा हिशेब मागितला होता.

२००३ च्या त्या सिडनीच्या सामन्यात विल्किन्सनच्या संघातून स्टीव्ह थॉम्प्सन खेळला. आठ-आठ जणांच्या रेटारेटीत तो अगदी मधोमध, पहिल्या ओळीत असे. २०२० च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्याने आपल्याला स्मृतिभ्रंश झाल्याचे जाहीर केले. वारंवार डोक्याला बसलेल्या मारामुळे हे झाले असे सांगून इतर माजी खेळाडूंसह त्याने खेळाच्या चालकांवर दावा लावला. विश्वचषकाचा अंतिम सामना आपण जिंकला, हे त्याला आठवत नाही.