वादळाआधी विषाणू

18 फेब्रुवारी 2006 रोजी भोपाळच्या प्रयोगशाळेने नवापूरच्या कोंबड्यांत एच5एन1 असल्याचा निर्वाळा दिला आणि देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्याच्या नावावर लागला. माणसांचे नमुने सुदैवाने निगेटिव्ह आले. धास्ती मात्र राहिली, आणि तिच्याबरोबर एक मतही रुजले: या रोगात माणूस स्वतःच्याच प्रतिकारशक्तीच्या वादळाने मरतो, तेव्हा आधी वादळ शमवा.

मत निराधार नाही. व्हिएतनाममध्ये दगावलेल्या रुग्णांच्या रक्तात आयपी-10, एमसीपी-1 ही केमोकाइन, म्हणजे पांढऱ्या पेशींना बोलावून आणणारी प्रथिने, फार चढलेली आढळली. पण 2006च्या त्याच अभ्यासात विषाणूचे प्रमाणही दगावलेल्यांतच जास्त होते आणि केमोकाइन त्याच्या मागोमाग चढत होती. हा भाग वादळवाले खुबीने गाळतात.

2007मध्ये मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयातल्या रॉबर्ट वेब्स्टर यांच्या गटाने थेट कसोटी लावली. एमसीपी-1 (त्याचेच नाव सीसीएल2) नसलेले उंदीर, आयएल-6 हे दाह वाढवणारे प्रथिन नसलेले उंदीर. शिवाय काहींना स्टेरॉइड. एच5एन1पुढे कुणाचाही निभाव अधिक लागला नाही.

‘उंदीर म्हणजे माणूस नव्हे,’ हा आक्षेप येणारच, आणि तो पोकळ नाही. माणसाचे सीसीएल2 76 अमिनो आम्लांचे, उंदराचे 125चे. त्या लांब शेपटीवर साखरेचे रेणू असतात.  शिवाय उंदराकडे सीसीएल12 हे जादा प्रथिन आहे, तेही त्याच सीसीआर2 ग्राहीला चिकटते. तेव्हा सीसीएल2 काढल्याने पेशींची धाव थांबली असे धरता येत नाही, एवढे मान्य. पण स्टेरॉइडचा हात एका केमोकाइनपुरता नसतो, साऱ्या दाहावर पडतो. तिथे ही पळवाट बंद होते.

कोविडमध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड चालले ना? चालले, पण ऑक्सिजन लागलेल्यांत. न लागलेल्यांत 2020च्या ‘रिकव्हरी’ चाचणीत फायदा दिसला नाही. फ्लूचा विषाणूही वेगळा. त्यावर सरसकट स्टेरॉइड देऊ नये, असेच जागतिक आरोग्य संघटना सांगते.

नवापुरात कोंबड्या मारणाऱ्या पथकांना तेव्हा विषाणूलाच रोखणारे ओसेल्टामिव्हिर दिले होते, ते योग्यच होते. या औषधाचा खरा जोर पहिल्या दोन दिवसांत असतो. पोल्ट्रीतल्या मजुराला ताप आला तर घशाचा नमुना त्याच दिवशी घ्यावा, आणि अहवालाची वाट न पाहता गोळी सुरू करावी.