जोडी आणि वाट

परळी तालुक्यातील सिरसाळ्यासारख्या गावी दूरच्या सर्व्हरशी असलेला संबंध तुटला, म्हणजे कचेरीचे काम खोळंबते. असा खोळंबा टळावा म्हणून सर्व्हरला एकाऐवजी दोन नेटवर्क कार्डे बसविण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. एक निकामी झाले असता दुसऱ्याने भार उचलावा, हा त्यातील हेतू. परंतु ही कल्पना यंत्रयुगाची नव्हे. मराठ्यांच्या वार्तावहनात तिचे पूर्वरूप आढळते आणि तिची मर्यादाही तेथेच स्पष्ट होते.

पेशवेकालीन कागदपत्रांत जासूद व कासीद ह्यांचा उल्लेख पुष्कळदा 'जोडी' ह्या एककाने येतो. वाटेत एकजण आजारी पडला किंवा मारला गेला, तरी दुसऱ्याने पत्र पोहोचवावे, अशी सोय त्यामुळे आपोआपच होत असे. मात्र जोडीतील दोघेही एकाच वाटेने जात. पाय दोघांचे, वाट एकच.

ह्या भेदाचे महत्त्व पानिपताच्या प्रसंगी दिसून आले. ऑक्टोबर 1760 च्या अखेरीस अब्दालीने बागपतनजीक यमुना ओलांडली आणि तो भाऊसाहेब व दिल्ली ह्यांच्या मध्ये येऊन बसला. वाटच अडल्यावर कितीही जोड्या असल्या तरी उपयोग मर्यादित होता. 14 जानेवारी 1761 रोजी झालेल्या पराभवाची वार्ता उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेबांना मिळाली, ती सावकारांच्या कासिदाकडून. ग्रँट डफच्या कथनानुसार हा कासीद पानिपताहून नवव्या दिवशी औरंगाबादेस पोहोचण्याच्या बोलीने निघाला होता. नर्मदेजवळ त्याची गाठ पडून पत्र उघडले गेले. फौजेच्या डाकेशी संबंध नसलेली ही सावकारी व्यवस्था त्या वेळी उपयोगी पडली.

आधुनिक रचनेत हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहतो. अनेक जोडण्या एकत्र बांधण्याचे 802.3एडी हे प्रमाण 2000 साली मान्य झाले. त्यात भार वाटला जातो. पण सर्व तारा सामान्यतः एकाच स्विचला जोडाव्या लागतात. तो स्विच बंद पडला, की जोडीचा आधार संपतो. लिनक्समधील 'एक चालू, एक राखीव' ह्या रीतीत दोन कार्डे दोन निराळ्या स्विचना जोडता येतात. तेथेही केवळ तारेतील संकेत तपासणे पुरेसे नाही. त्यावरून पहिला टप्पा शाबूत आहे एवढेच कळते, पुढील वाटेचे काही कळत नाही. कासीद छावणीतून निघाला, म्हणून पत्र पोहोचले असे होत नाही. ह्यास्तव पलीकडील यंत्रास ठराविक काळाने प्रश्न विचारून त्याचे उत्तर येते की नाही, हे पाहण्याची दुसरी रीत योजिली जाते.

हा विचार गावाच्या तारेलाही लागू पडतो. 2011 साली मंजूर झालेल्या आणि पुढे 'भारतनेट' नाव मिळालेल्या योजनेच्या 2023 च्या सुधारित आराखड्यात ग्रामपंचायतींसाठी वलयाकार रचना स्वीकारली आहे. वलयाची एक बाजू तुटली, तर दुसऱ्या बाजूने मार्ग राहतो. परंतु दोन्ही बाजू एकाच रस्त्याकडेच्या चरातून नेल्या, तर खोदकामाच्या एकाच घावाने त्या तुटतील.

तात्पर्य, साधनांची संख्या वाढविणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. दुसरे साधन पहिल्याच्या आपत्तीत सापडणार नाही, अशी तजवीज केली, तरच ती खरी जोडी होय.