सी हॅरियर : रंगलेप आणि शस्त्रसंभार

भारतीय नौदलाची पहिली सी हॅरियर विमाने १६ डिसेंबर १९८३ रोजी गोव्यातील दाबोळी तळावर उतरली, तेव्हा त्यांची पाठ गडद करडी आणि पोट पांढरे होते. ही रंगसंगती ब्रिटिश नौदलाची. परंतु वळण घेणाऱ्या विमानाचे पांढरे पोट दुरूनही नजरेत भरते, म्हणून १९८२ च्या फॉकलंड युद्धावर निघताना ब्रिटिशांनीच ते करड्या रंगाने झाकून टाकले होते. युद्धाने बाद ठरविलेला रंग दुसऱ्या नौदलात शांतताकाळचा वेश म्हणून आला, ही बाब लष्करी इतिहासलेखनात सहसा दुर्लक्षित राहते. पुढे भारतीय विमानांचे पोटही करडे झाले.

शस्त्रांच्या बाबतीत मात्र असे अनुकरण दिसत नाही. ब्रिटिशांच्या साइडवाइंडरऐवजी भारताने फ्रेंच मॅजिक क्षेपणास्त्र स्वीकारले. जोडीला ३० मिमीच्या दोन एडन तोफा आणि जहाजविरोधी सी ईगल. उष्ण हवेत इंजिनाचा जोर घटतो. त्यामुळे उभ्याने उतरताना न डागलेल्या क्षेपणास्त्राचे वजनही हिशेबात धरावे लागे. कालांतराने काही विमानांवर इस्रायली एल्टा रडार व डर्बी क्षेपणास्त्र बसले. नजरेपलीकडे मारा करणाऱ्या विमानाच्या रंगाचे महत्त्व साहजिकच उणावले. ११ मे २०१६ रोजी सी हॅरियर निवृत्त झाले आणि ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनचा पांढरा वाघ मिग-२९के विमानांकडे गेला.