राखेतली नळी आणि कुरळे केस

आरशासमोरच्या घटकाभराच्या प्रसाधनाला इतिहास तो कसला, असे कोणी म्हणेल. परंतु लांब केस तापलेल्या लोखंडावर गुंडाळून कुरळे करण्याची रीत दोन हजार वर्षांहून जुनी आहे आणि तिच्यात आरंभापासून एकच अडचण होती. लोखंड तापविणे सोपे. ते किती तापले हे ओळखणे कठीण. त्या अंदाजातली चूक कोणी भोगावयाची, हाच या इतिहासातला खरा प्रश्न होय.

प्राचीन रोममध्ये या साधनाला ‘कालामिस्त्रुम’ म्हणत. ‘कालामुस’ म्हणजे बोरू. याच शब्दाचे मूळ ग्रीक रूप अरबीतून प्रवास करीत ‘कलम’ होऊन आपल्या मराठीत स्थिरावले आहे. हे साधन गरम राखेत तापवीत, आणि ते काम करणाऱ्या सेवकाला राखेवरूनच ‘सिनेरारियुस’ हे नाव पडले, असे वारो या पंडिताने नोंदविले आहे. पुरुषही या नादापासून मुक्त नव्हते. सिसेरोने आपला प्रतिस्पर्धी गाबिनियुस याच्या कुरळ्या केसांची भर न्यायसभेत थट्टा केली, आणि इ. स. पूर्वी ४६ मधील एका ग्रंथात, सीझरच्या साध्या लेखनाला हीच तापली नळी लावून नटविण्याचा मोह फक्त मूर्खांना होईल, अशा आशयाचे उद्गार काढले.

पण ही थट्टा प्रतिष्ठितांची. दासीच्या वाट्याला निराळेच येई. पहिल्या शतकातील कवी मार्शल याने, एक बट चुकली म्हणून मालकिणीने आरसा फेकून मारलेली दासी रंगविली आहे. त्यानंतरच्या जुव्हेनालने तशाच अपराधासाठी चाबूक खाणारी. प्रसंग काव्यातले असले, तरी वाचकांना ते ओळखीचे वाटत असले पाहिजेत, एरवी उपहास साधला नसता.

एकोणिसाव्या शतकात हे लोखंड सामान्य घरांत आले आणि चूक ज्याच्या त्याच्या डोक्यावर येऊ लागली. लुइझा मे अल्कॉट यांच्या ‘लिटल विमेन’ या १८६८ च्या कादंबरीत जो आपल्या थोरल्या बहिणीचे, मेगचे, केस कागदात गुंडाळून गरम चिमट्याने दाबते. कागद सोडावेत, तो कुरळ्या बटांऐवजी करपलेले केसच हाती येतात! पुढे मशीनगनमुळे प्रसिद्धीस आलेल्या हायरम मॅक्सिम यांनी केस कुरळे करण्याच्या लोखंडाचे पेटंट १८६६ मध्येच घेतले होते. पॅरिसमध्ये मार्सेल ग्रातो यांनी १८७२ च्या सुमारास चिमटा वापरण्याची नवी हातोटी काढली. तिने केसांत सैल, नैसर्गिक भासणाऱ्या लाटा उमटत. तरीही ताप ओळखण्याची युक्ती जुनीच राहिली. चिमटा कागदावर दाबावयाचा. कागद करपला तर थांबावयाचे. आपल्याकडे परीट इस्त्रीवर पाण्याचे थेंब शिंपडून पाही, त्याच जातीची ही परीक्षा.

हे सारे घडते कसे? केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या साखळ्यांना धरून ठेवणारे हायड्रोजनचे दुबळे बंध उष्णतेने सुटतात आणि केस थंड होताना नव्या वळणात पुन्हा जुळतात. म्हणून गरम बट लगेच विंचरू नये, निवू द्यावी. हवेतील ओलावा हेच बंध सोडवितो. त्यामुळे गोव्याच्या किंवा बेळगावच्या आषाढात हौसेने घातलेली वळणे घरापासून देवळापर्यंतही टिकत नाहीत. ओल्या केसावर मात्र तापली काडी कधीही लावू नये. आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे धरतात आणि तो तेथेच तुटतो.

विजेच्या काडीला विसाव्या शतकात उष्णता-नियंत्रक जोडला गेला आणि ताप अंशांत ठरविता येऊ लागला. सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या पुढे केसाची घडणच बिघडू लागते, हे आता ठाऊक असल्याने बारीक केसांना त्याहून पुष्कळ कमी ताप द्यावा. काडीवरचा तो आकडा आपण सहज वाचून सोडून देतो. रोमच्या दासीला तो वाचावयास मिळत नव्हता. तिला राखेवर हात धरून अंदाज करावा लागे, आणि अंदाज चुकला तर मार खावा लागे.