गंभीरगड व डहाणू-तलासरीचे डोंगरी दुर्ग

गंभीरगड : पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातील, व्याहाळी गावानजीकचा गिरिदुर्ग. उंची सुमारे २,२५० फूट. पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस जव्हारचे पठार यांच्या दरम्यान जो अरुंद अरण्यपट्टा उत्तरेस गुजरातच्या सपाटीत उतरतो, त्यातूनच कोकण व गुजरात यांमधील तांड्यांची, फौजांची आणि व्यापाऱ्यांची वर्दळ शतकानुशतके होत आल्यामुळे, या वाटेवर नजर ठेवणे हेच गंभीरगडाचे आणि त्याच्या धाकट्या सोबत्यांचे, म्हणजे सेगवाह व तलासरी तालुक्यातील काजळीच्या बल्लाळगडाचे, मुख्य प्रयोजन होते. राजधानी सांभाळणारे हे दुर्ग नव्हेत. येथे राजवाडा अथवा पेठ शोधू नये. ताशीव कडा, चढणीची बिकट वाट, मोजकी शिबंदी आणि पाण्याची टाकी एवढाच अशा ठाण्याचा सरंजाम. त्यातही टाके हेच खरे बळ, कारण चार महिने कोसळणारा पाऊस उरलेले आठ महिने कातळाच्या पोटात जपून ठेवल्यावाचून वेढ्यात टिकाव धरणे अशक्य होते.

या मुलखाच्या संरक्षणाचा हिशेब केवळ तटबंदीत मांडता येत नाही. १५५९ मध्ये दमण घेणाऱ्या पोर्तुगिजांना, आपल्या परगण्यातील गावे लुटीपासून वाचावीत म्हणून, रामनगरच्या राजास चौथाई द्यावी लागे. १६७२ मध्ये जव्हार व रामनगर मराठ्यांकडे आल्यावर त्याच हक्काची मागणी शिवाजी महाराजांच्या वतीने होऊ लागली. किनाऱ्यावर तोफा असूनही डोंगराच्या धन्यास वसूल द्यावा लागतो, ही गोष्ट येथील भूगोलाचे सामर्थ्य पुरते सांगते. डहाणूचे ठाणे १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी जिंकले.

परंतु लोकस्मृतीत येथील डोंगर लढाईपेक्षा आसऱ्यासाठी अधिक ओळखला जातो. सुलतानाच्या स्वारीत संजाण उद्ध्वस्त झाल्यावर पारशी लोकांनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, बाहरोटच्या डोंगरातील लेण्यांत आणून बारा वर्षे राखला, अशी कथा सोळाव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या ‘किस्सा-ए-संजान’ या फारसी काव्यात आहे. त्या डोंगरावर बुरूज नाही, तोफ नाही. तरीही तो दुर्गच म्हटला पाहिजे, कारण ज्याच्या रक्षणासाठी तो निवडला ते सुरक्षित राहिले. तो अग्नी आज उदवाड्यास प्रज्वलित आहे.

वारली समाजाची श्रद्धा याच अर्थाची आहे. गावाच्या शिवेवर उभा केलेला वाघदेव, ज्याच्या शेंदूर माखलेल्या लाकडी फळीवर वाघाच्या माथ्यावर सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात, हा त्यांच्या लेखी गुराढोरांचा व माणसांचा पहारेकरी होय. विवळवेढे येथील महालक्ष्मी मूळची मुसळ्या डोंगराच्या सुळक्यावरची. चढता चढता मूर्च्छित पडलेल्या गर्भवती भक्त स्त्रीची दया येऊन ती पायथ्याशी उतरली, असे सांगतात. देवतेने उंची सोडली ती भक्ताच्या आसऱ्यासाठी, म्हणून ही कथा मला या दुर्गांच्या नोंदीत अनिवार्य वाटते. डोंगराचे मूळ ठाणे मात्र लोकांनी सोडलेले नाही. चैत्री पौर्णिमेच्या रात्री वाघाडी गावचा पुजारी ध्वज घेऊन मुसळ्याचा कडा चढतो, तो तेथे रोवतो, आणि खाली येतो.