भट्टीचं अस्तर

रिफ्रॅक्टरी म्हटलं की आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना आधी रिफॅक्टरिंगच ऐकू येतं. नातं अगदीच नाही असं नाही. दोन्ही कामं बाहेरून दिसत नाहीत, पुन्हा पुन्हा करावी लागतात आणि टाळली की एक दिवस सगळं अंगावर येतं. रिफ्रॅक्टरी म्हणजे भट्टीचं आतलं अस्तर: लोखंड वितळलं तरी जे टिकतं ते.

कोल्हापूरच्या लोखंडाचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथे लोखंडी नांगर बनू लागले. पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारं लोखंड आटलं, तेव्हा शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. गोष्ट झकासच आहे. पण तोफ वितळवायची, तर कशात?

बीड वितळवायची जुनी भट्टी म्हणजे क्युपोला. जॉन विल्किन्सनने १७९४ साली इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं. उभं लोखंडी नळकांडं, त्यात कोक, लोखंड आणि चुनखडीचे थर. रस साधारण १४०० अंशांच्या पुढे जातो. म्हणजे आत अस्तर नसेल तर नळकांडंच मऊ पडेल! शिवाय स्लॅग रोज अस्तर खाते. म्हणून भट्टी थंड झाली की माणूस आत उतरतो, चिकटलेली स्लॅग छिन्नीने काढतो, खड्ड्यांत फायरक्ले आणि विटांचे तुकडे थापतो. मगच पुढची भट्टी लागते.

आपल्याकडे यात एक अडचण आहे. सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे मुळात थिजलेला लाव्हाच. १२०० अंशांच्या आसपास तो पुन्हा पातळ होतो. काळी माती तर वाळतानाच भेगाळते. लोहाराची कोळशाची भट्टी लहान, तिला भुसा-शेण कालवलेली माती पुरते. ओतकामाला ती पुरत नाही.

गंमत म्हणजे त्याच काळ्या दगडाच्या माथ्यावर, राधानगरी-शाहूवाडीकडच्या सड्यांवर, बॉक्साइट आहे. लाखो वर्षांच्या पावसाने दगडातलं बाकीचं बरंच धुऊन नेलं आणि ॲल्युमिना मागे राहिलं. शुद्ध ॲल्युमिना वितळायला २००० अंशांच्या वर जावं लागतं.

फ्रान्समध्ये ज्यूल बिए याने १९०८ साली चुनखडी आणि बॉक्साइट एकत्र वितळवून केलेल्या सिमेंटचं पेटंट घेतलं. हे सिमेंट एका दिवसात कडक होतं, म्हणून महायुद्धात ते तोफांचे चौथरे बांधायला वापरलं गेलं. तिकडे तोफांखाली नवं सिमेंट, इकडे तोफाच भट्टीत. पुढे हेच सिमेंट भाजलेल्या ॲल्युमिनाच्या खड्यांत मिसळून कॅस्टेबल तयार झालं. पाणी घालायचं, काँक्रीटसारखं ओतायचं, विटा रचायची गरजच नाही.

हौशी लोहारकामाच्या छोट्या गॅस भट्टीत आज तेच वापरतात. (आपल्या एलपीजीत प्रोपेनबरोबर ब्युटेनही असतो, पण भट्टीचं तत्त्व तेच.) बाहेर पत्रा, आत सिरॅमिक ब्लँकेट आणि त्यावर कॅस्टेबलचा सेंटिमीटरभर थर. जोडकामात टाकलेला टाकणखार वितळून ब्लँकेट खातो, म्हणून हा कडक थर हवाच. अस्तर बदलताना जुनं खरवडायचं, पृष्ठभाग ओला करायचा, नवं थापायचं आणि दिवसभर दमट ठेवायचं. मग वाळवून मंद आचेवर हळूहळू तापवायचं. इथे घाई केली की संपलं. आत अडकलेल्या पाण्याची वाफ सोळाशे पटींहून जास्त जागा मागते आणि अस्तराचे तुकडे उडतात.

दुसरा धोका आवाज करत नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या ओतकामात आता इंडक्शन भट्ट्या आल्यात. त्यांच्या अस्तरात बहुधा सिलिका असते. जुनं अस्तर फोडताना तिची बारीक धूळ उडते, ती छातीत साचून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. त्यासाठी घट्ट बसणारा फिल्टरचा मास्क लागतो आणि धूळ खेचून घेणारी यंत्रणाही.

तोफांचे नांगर झाले हे आपल्याला पाठ आहे. पुढच्या वेळी एखादी फाउंड्री बघायला गेलात, तर रसाच्या ठिणग्यांचे फोटो काढून झाल्यावर एक प्रश्न जरूर विचारा: अस्तर कोण फोडतं, आणि त्याला मास्क कोणता देता?