एका वितीचा फरक: माउंटन बाइकच्या हँडलची रुंदी

माउंटन बाइकच्या हँडलची रुंदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेषेत, मिलिमीटरमध्ये मोजतात. १९९० च्या सुमारास शर्यतीच्या सायकलवर ती ५६० ते ५८० भरायची. आज दुकानात येणाऱ्या नव्या सायकलवर ती बहुधा ७६० ते ८०० असते. हँडल जवळजवळ एका वितीने वाढले. माणसाचे खांदे मात्र होते तेवढेच आहेत. यावरून अरुंद ते रुंद अशी सरळ वाटचाल झाली असे वाटेल, पण तसे घडलेले नाही. पहिल्या माउंटन बाइकची हँडले रुंदच होती. ती पुढे कापली गेली आणि मग पुन्हा वाढली. प्रत्येक वेळी ही रुंदी ठरवली ती सायकलच्या दुसऱ्याच एखाद्या भागाने, नाहीतर स्वार आधी कुठला खेळ खेळत होता त्याने.

डोंगरातल्या कच्च्या वाटांवर सायकल नेण्याचे प्रयोग अनेकांनी केले. १९५३ मध्ये जॉन फिनली स्कॉट या अमेरिकन माणसाने श्विन कंपनीच्या सांगाड्यावर जाड टायर, गियर आणि आडवे सरळ हँडल बसवून आपल्यापुरती एक सायकल तयार केली होती. परंतु त्यातून परंपरा सुरू झाली नाही. ती सुरू झाली १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत, टॅमलपायस डोंगराच्या परिसरात. तिथली तरुण मंडळी १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या जुन्या श्विन सायकली भंगारातून उचलून आणत. एक्सेल्सियर हे त्यांतले आवडते मॉडेल. जाड फुगीर टायर, वजनदार पोलादी सांगाडा, मागे पेडल दाबले की लागणारा ब्रेक आणि स्वाराकडे वळलेले लांबरुंद हँडल, असा या सायकलींचा थाट होता. मुळात त्या शाळकरी पोरांसाठी आणि पेपर टाकणाऱ्यांसाठी बनलेल्या.

या मंडळींची प्रसिद्ध शर्यत म्हणजे ‘रीपॅक’. फेअरफॅक्स गावाजवळच्या कच्च्या उतारावर ती पहिल्यांदा २१ ऑक्टोबर १९७६ रोजी झाली. जेमतेम साडेतीन किलोमीटरच्या वाटेत सुमारे चारशे मीटरचा उतार होता. खाली पोहोचेपर्यंत मागच्या चाकाच्या ज्या हबमध्ये ब्रेक असे त्यातले ग्रीस तापून धूर होई, आणि पुढच्या फेरीआधी हबमध्ये नवे ग्रीस भरावे लागे. शर्यतीचे नाव त्यावरूनच पडले. अशा उतारावर मूळचे हँडल वाकायचे किंवा निसटायचे, म्हणून स्वारांनी मोटरसायकलच्या सामानाकडे पाहिले. तिथे एक योगायोग त्यांच्या उपयोगी पडला. जुन्या अमेरिकन सायकलीच्या हँडलच्या मुठीचा व्यास आणि मोटरसायकलच्या हँडलच्या मुठीचा व्यास एकच होता, पाऊण इंचाहून थोडा अधिक, म्हणजे २२.२ मिलिमीटर. रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलचे वळणदार हँडल मात्र २३.८ मिलिमीटरचे असे. त्यामुळे मगुरा कंपनीचे मोटरसायकलचे ब्रेक लिव्हर आणि मोटरसायकलच्या मुठी या सायकलींवर सहज बसल्या, आणि त्यांच्याबरोबर मोटरसायकलची रुंदीही आली. ही रुंदी कोणी हिशेब करून निवडली नव्हती. ती मिळणाऱ्या सामानाबरोबर आली आणि उतारावर उपयोगी पडली म्हणून टिकली.

१९७७ मध्ये जो ब्रीझ याने खास या कामासाठी नवे सांगाडे बांधायला घेतले. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी ‘माउंटनबाइक्स’ नावाचा धंदा सुरू केला. त्यांचे सांगाडे टॉम रिची बांधायचा. रिचीचेच एक हँडल या काळाची ओळख ठरले. त्याला ‘बुलमूस’ म्हणत. पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कशी हँडलला जोडणारा आखूड तुकडा म्हणजे स्टेम. बुलमूसमध्ये स्टेम आणि हँडल वेगळे नव्हतेच. मधून दोन नळ्या इंग्रजी ‘व्ही’सारख्या फाकून आडव्या नळीला जोडलेल्या असत आणि सगळे मिळून एक मजबूत त्रिकोण होई. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमध्ये बनवून घेतलेली ‘स्टम्पजंपर’ बाजारात आली, तिच्यावरही याच धाटणीचे हँडल होते. रुंदी सत्तर सेंटिमीटरच्या आसपास. मजबुतीचा प्रश्न सुटला, पण स्टेम लांब हवा की आखूड, हे स्वाराच्या हाती उरले नाही. लवकरच सुटे स्टेम आले आणि बुलमूस मागे पडले.

रुंदी घटू लागली ती शर्यतींचे स्वरूप बदलल्यावर. १९८३ मध्ये अमेरिकेत नॉर्बा ही राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि नुसत्या उताराऐवजी चढ, सपाटी आणि उतार असलेल्या लांब पल्ल्याच्या ‘क्रॉस-कंट्री’ शर्यती महत्त्वाच्या झाल्या. तिथे वेळ वाचतो तो चढावर. रस्त्यावरच्या शर्यतींतले अनेक जण या खेळात उतरले आणि आपली बसण्याची पद्धत बरोबर घेऊन आले: पुढे झुकलेले शरीर, लांब स्टेम, हलके सामान आणि अरुंद हँडल. हँडल खांद्यांच्या रुंदीशी जुळवून घ्यावे, हा नियमही तिकडचाच. रस्त्यावर त्याला अर्थ होता. तिथे वारा हा मुख्य शत्रू असतो आणि हात फार फाकले तर तो जास्त अंगावर येतो. जंगलातल्या चढावर ताशी आठ-दहा किलोमीटरच्या वेगात वाऱ्याचा प्रश्न फारसा येत नाही. तरीही नियम सोपा असल्याने तो विनातक्रार स्वीकारला गेला, आणि वर त्यात थोडी सूट देऊन ५६० ते ५८० हा आकडा रूढ झाला.

करवत चालवण्याची आणखी दोन कारणे होती. एक, वजन. हलके सामान हेच त्या काळी चांगल्या सायकलचे लक्षण मानले जाई, आणि हँडलच्या टोकाचा तुकडा कापून टाकणे हा वजन घटवण्याचा फुकटातला उपाय होता. दुसरे कारण झाडांचे. दाट रानातल्या एकेरी वाटेवर दोन खोडांमधून रुंद हँडल जात नाही, आणि एक टोक खोडाला लागले की चाक एकदम वळून स्वार खाली येतो. हे कारण खरे होते आणि आजही खरे आहे. टोकांना शिंगांसारखे जोड लावायची टूमही याच सुमारास आली. चढावर त्यांना धरून जोर लावता येई. पण ही शिंगे फांद्यांत अडकायची, त्यामुळे हँडल अरुंद करून जे साधले त्यातले निम्मे त्यांनीच घालवले असे म्हणायला हरकत नाही.

१९९० मध्ये कोलोराडोतल्या दुरँगो इथे आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेची पहिली माउंटन बाइक जागतिक स्पर्धा झाली. नेड ओव्हरेंड आणि ज्युली फर्टाडो यांनी क्रॉस-कंट्रीची विजेतेपदे मिळवली. त्या हंगामात जॉन टोमॅक हा नामवंत स्वार माउंटन बाइकवर चक्क रस्त्याच्या सायकलचे वळलेले हँडल लावून खेळला. तो तेव्हा सेव्हन-इलेव्हन या रस्त्यावरच्या संघाकडूनही खेळत असल्याने दोन्ही सायकलींवर बसण्याची ठेवण सारखी राहावी असा त्याचा हेतू होता. टोमॅकइतके कौशल्य फार थोड्यांकडे होते, म्हणून ती पद्धत पसरली नाही; पण रस्त्याचा प्रभाव किती खोल गेला होता हे त्यावरून कळते.

अरुंद हँडल त्या काळच्या सायकलवर इतके वाईट का वाटत नव्हते, हे समजायला थोडी गणिते पाहावी लागतात. हँडल ही तरफ आहे. ५६० मिलिमीटरच्या हँडलवर हात मध्यापासून २८० मिलिमीटरवर असतो, ८०० च्या हँडलवर ४०० वर. तेवढाच जोर लावला तर रुंद हँडलवर चाक वळवणारा परिणाम सुमारे ४३ टक्के जास्त मिळतो. खडकाला आपटून चाक वळू पाहते तेव्हा ते रोखायलाही तेवढीच मदत होते. मोबदल्यात हाताला जास्त अंतर जावे लागते. चाक दहा अंश वळवायला अरुंद हँडलवर हात सुमारे ४९ मिलिमीटर सरकतो, रुंदवर ७०. त्यात स्टेमची भर पडते. स्टेम १३० मिलिमीटरचा असेल तर त्याच दहा अंशांत दोन्ही मुठी मिळून सुमारे २३ मिलिमीटर बाजूला जातात. ४० चा असेल तर सातच. लांब स्टेमला रुंद हँडल जोडले की वळवणे फारच संथ आणि झोके खाणारे होते. म्हणजे १९९० ची माणसे अडाणी नव्हती. लांब स्टेम, आखूड सांगाडा आणि जमिनीशी ७१ अंशांच्या आसपास जवळजवळ उभा राहणारा फोर्क, एवढे एकदा मान्य केले की अरुंद हँडल ओघानेच येते. चुकत होते ते हे मान्य करण्यातच.

पहिला धक्का उताराच्या शर्यतींनी दिला. रॉकशॉक्स कंपनीच्या आरएस-१ पासून स्प्रिंगचे फोर्क रुळू लागले आणि उतारावरचा वेग वाढला. या शर्यतींत मोटरसायकलच्या मोटोक्रॉस शर्यतींतून आणि बीएमएक्स सायकलींच्या शर्यतींतून आलेली मंडळी होती, आणि त्यांना रुंद, वर उचललेल्या हँडलची सवय होती. शॉन पामर हा मूळचा स्नोबोर्डर. तो १९९६ मध्ये मोटोक्रॉसच्या पोशाखात या शर्यतींत उतरला आणि ऑस्ट्रेलियात केर्न्सच्या जागतिक स्पर्धेत निकोला वुइयोझकडून अगदी थोडक्यात हरून दुसरा आला. अशा स्वारांबरोबर ६६० ते ६९० मिलिमीटरची हँडले परतली. क्रॉस-कंट्रीवाले त्यांच्याकडे बराच काळ उताराची हौस म्हणूनच पाहत राहिले.

आणखी रुंद जायला धातू तयार नव्हता. हँडल लांब झाले की स्टेमच्या पकडीपाशी त्याला वाकवणारा ताण त्याच प्रमाणात वाढतो, आणि तुटलेच तर ते तिथेच तुटते. जुन्या पकडीचा व्यास एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर होता. २००० नंतरच्या काही वर्षांत तो ३१.८ झाला. व्यास सव्वापट झाला, पण तेवढ्याच जाडीच्या पत्र्याच्या नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो जवळजवळ दुप्पट झाला. हे पाऊल बाहेरून क्षुल्लक दिसते. प्रत्यक्षात ७५० आणि ८०० मिलिमीटरची हलकी ॲल्युमिनियमची व कार्बनची हँडले त्यामुळेच व्यवहार्य झाली. पुढे ३५ मिलिमीटरची पकडही आली. तिच्याबद्दल मते विभागलेली आहेत, कारण हँडल फार ताठ झाले की खडबडीत वाटेचा मार थेट मनगटात जातो.

तरी खरी उलथापालथ सांगाड्यात झाली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गॅरी फिशरच्या कंपनीने ‘जेनेसिस’ या नावाने सांगाडा लांब आणि स्टेम आखूड करून पाहिला. स्वार बसतो तेवढ्याच अंतरावर, पण पुढचे चाक त्याच्यापासून दूर जाते आणि उतारावर उलटण्याची भीती घटते. २९ इंची चाके आली. ती वळवायला जास्त जोर लागे, म्हणून त्यांच्या स्वारांनी रुंद हँडल लवकर उचलले. २०१२ च्या सुमारास मोंद्राकेर या स्पॅनिश कंपनीने सांगाडा आणखी लांब करून स्टेम ३० मिलिमीटर आणि काही सायकलींवर १० पर्यंत आणला. इतरांनी एवढी मजल मारली नाही, पण दिशा तीच धरली. फोर्क कलता कलता आजच्या ट्रेल बाइकवर ६४ ते ६६ अंशांवर आला. असा कललेला फोर्क कमी वेगात बाजूला पडू पाहतो, आणि आखूड स्टेममुळे चाक चटकन वळते. दोन्हींना आवर घालणारी लांब तरफ आता गरजेची ठरली. हात फाकले की धड आपोआप खाली आणि पुढे जाते, म्हणून आखूड स्टेममुळे मागे सरकलेले वजनही थोडे भरून निघते. २०१० च्या आसपास ७२० रुंद वाटत होते. दशक संपेपर्यंत ७८० आणि ८०० सामान्य झाले. मोटोक्रॉसच्या मोटरसायकलची हँडलेही साधारण ८०० चीच असतात. मरिनची पोरे भंगारातून न ठरवता ज्या आकड्याजवळ आली होती, तिथे कारखाने चाळीस वर्षांनी हिशेबाने पोहोचले.

आता कारखाना सायकलला रुंद हँडल लावून देतो आणि ते कापायचे काम विकत घेणाऱ्यावर सोडतो, कारण कापलेले हँडल पुन्हा जोडता येत नाही. याचा एक वाईट परिणाम असा की अनेकजण कापतच नाहीत. पाच फूट उंचीच्या स्वाराला ८०० मिलिमीटरचे हँडल दिले तर कोपरे सरळ होतात, वाकवायला जागा उरत नाही आणि खांदे-मान दुखू लागतात. क्रॉस-कंट्रीचे स्वार आज ७२० ते ७६० मध्ये असतात. जमिनीवर जोर काढताना हात जेवढे फाकतात त्यावरून अंदाज घ्यावा, असा एक ठोकताळा सांगितला जातो. सुरुवातीला तो ठीक आहे. नीट पद्धत अशी: आधी मुठी आणि ब्रेकचे लिव्हर आत सरकवावेत, काही दिवस ओळखीच्या वाटेवर चालवावे, पटले तरच दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिलिमीटर कापावे. ॲल्युमिनियमला नळी कापायचे साधन चालते. कार्बनला बारीक दातांची करवत लागते आणि कापताना निघणारी धूळ नाकात जाऊ देऊ नये.

कापण्यालाही हद्द असते, आणि ती कंपन्या हँडलवर आखून देतात. टोकाकडचा सरळ भाग ठरावीक लांबीचा असतो. त्यावर मूठ, ब्रेकचा लिव्हर आणि गियरचा लिव्हर बसवायचे असतात. आतल्या वाकलेल्या, जाड होत जाणाऱ्या भागावर त्यांची पकड बसत नाही. २०१२ नंतर पुढे एकच दातेरी चक्र ठेवण्याची पद्धत रुळली आणि डावा गियर लिव्हर गेला, तेव्हा तिथे थोडी जागा मोकळी झाली होती. सीट खाली-वर करणाऱ्या लिव्हरने ती लवकरच घेतली.